बाणाच्या अलीकडे अभिकारके, पलीकडे उत्पादिते. आणि बाणात?

कोरीपाटी (धागालेखक)

भाची दहावीला आहे. आठवड्यातून दोनदा तिचं विज्ञान माझ्या गळ्यात पडतं. परवा समीकरणं संतुलित करत बसलो होतो. हायड्रोजन अधिक क्लोरीन, मग बाण, मग हायड्रोजन क्लोराइडचे दोन रेणू. दोन्ही बाजूंचे अणू मोजले, ताळा जुळला, मी खूश. तर ती म्हणते, "मामा, अलीकडे हे, पलीकडे ते. पण बाणात असताना ते काय असतं?"

मी ठोकून दिलं: जुने बंध तुटतात, अणू सुटे होतात, नवे बंध जुळतात. त्यावर ती, "म्हणजे मध्ये एक क्षण असा येतो की अख्ख्या बरणीत नुसते सुटे अणूच असतात?"

इथे माझं घोडं अडलं. रात्री पुस्तक उघडलं तर अजूनच अडकलो. हायड्रोजनचा बंध तोडायला मोलमागे (मोल म्हणजे रेणूंची एक ठरलेली संख्या) ४३६ किलोज्यूल लागतात म्हणे. एवढी ऊर्जा देतं कोण? आणि ज्या समीकरणात डाव्या बाजूला तीन-चार रेणू असतात तिथे ते सगळे ठरवून एकाच वेळी एका जागी येतात का? रसायनशास्त्र सोडून मला वीस वर्षं झाली. जाणकारांनी प्रकाश टाकावा. तिला शनिवारी उत्तर द्यायचं कबूल केलंय.

सायंतारा

मस्त प्रश्न. मला पडायला हवा होता, कधी पडला नाही. वाचतेय.

खडूधारी

कोरीपाटी, भाचीला आधी शाबासकी द्या. तीस वर्षं फळ्यावर बाण काढले, पण बाणातलं विचारणारी मुलं एका हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी भेटली.

समीकरण हा हिशेब आहे, घडलेल्या गोष्टीची हकिकत नव्हे. वहीत "जमा इतके, खर्च इतका" लिहिलेलं असतं, त्यावरून पैसा कुणाच्या हातून कुणाकडे गेला ते कळत नाही. बाणाचंही तसंच.

आता तुमचा मुख्य गोंधळ. "आधी सगळं तुटतं, मग सगळं जुळतं" हे चित्र बहुतेक अभिक्रियांत चूक आहे. सगळ्यात साधं उदाहरण घेतो. हायड्रोजनचा एक सुटा अणू येतो आणि हायड्रोजनच्या रेणूला धडकतो. रेणूतला एक अणू या पाहुण्याबरोबर जोडी जमवतो, दुसरा सुटा होऊन निघून जातो. अभिकारक आणि उत्पादित दिसायला एकच, पण अभिक्रिया अगदी खरी आहे. जुना बंध आधी पूर्ण तोडायचा असता तर ४३६ किलोज्यूल लागले असते. प्रत्यक्षात लागतात सुमारे ४०. दहा टक्केसुद्धा नाहीत.

कारण तुटणं आणि जुळणं एकाच हालचालीत होतं. पाहुणा जवळ येऊ लागतो तसा जुना बंध ताणला जातो. तो जितका सैल होतो तितका नवा घट्ट होत जातो. तुटण्याचा बराचसा खर्च जुळण्यातून जागच्या जागी भागतो आणि खिशातून फक्त फरक भरावा लागतो. बरोबर मध्यावर तिन्ही अणू एका रेषेत असतात आणि दोन्ही अंतरं सारखी असतात, ०.९३ अँगस्ट्रॉम (अँगस्ट्रॉम म्हणजे सेंटीमीटरचा दहा कोटीवा भाग). नेहमीच्या रेणूत हेच अंतर ०.७४ असतं. मधला अणू त्या घडीला धड इकडचा नाही, धड तिकडचा नाही. याला संक्रमण अवस्था म्हणतात. भाचीला नेमकं तेच हवं आहे.

डोंगरातली खिंड डोळ्यांसमोर आणा. एका दरीत अभिकारके, दुसरीत उत्पादिते. खिंड म्हणजे त्या वाटेवरची सर्वांत उंच जागा, पण डोंगराच्या माथ्याहून पुष्कळ खाली. "सगळे बंध तोडून सुटे अणू" हा झाला माथा. शहाणा वाटसरू माथ्यावर कशाला जाईल? खिंडीत मुक्काम करता येत नाही, ती बरणीत साठवता येत नाही. आयरिंग यांनी आणि स्वतंत्रपणे इव्हान्स व पोलान्यी यांनी १९३५ मध्ये या खिंडीवरून अभिक्रियेचा वेग काढण्याची रीत मांडली. तीच थोड्याफार फरकाने आजही शिकवतात.

निळालिटमस

सर, एक शंका. जीवशास्त्रात शिकवतात की एटीपीचा (पेशीला ऊर्जा पुरवणारा रेणू) बंध तुटला की ऊर्जा मिळते. तुम्ही म्हणता तोडायला ऊर्जा लागते. खरं काय?

खडूधारी

तोडायला लागते. नेहमीच. अपवाद नाही. पाठ्यपुस्तकातल्या त्या वाक्याने जेवढं नुकसान केलंय तेवढं क्वचितच दुसऱ्या कशाने केलं असेल.

एटीपीचं पाण्याशी अपघटन होतं तेव्हा एक बंध तुटतो आणि त्याच वेळी नवे बंध जुळतात, शिवाय निघालेल्या आयनांभोवती (विद्युतभार असलेल्या कणांभोवती) पाण्याचे रेणू गोळा होतात. या जुळण्यातून मिळणारं तुटण्याच्या खर्चापेक्षा जास्त भरतं. बाकी उरते ती "मिळालेली" ऊर्जा.

कोरीपाटींचंच समीकरण घ्या. हायड्रोजनचा बंध ४३६, क्लोरीनचा २४२, एकूण खर्च ६७८. हायड्रोजन क्लोराइडचे दोन बंध जुळताना ४३१ च्या दुप्पट, म्हणजे ८६२ परत मिळतात. शिल्लक १८४ किलोज्यूल. ती उष्णता म्हणून बाहेर पडते.

त्रिज्या

खडूधारी सरांचा प्रतिसाद उत्तम, पण भाचीच्या दुसऱ्या प्रश्नाला कुणी हात घातला नाही: अख्ख्या बरणीत एक क्षण सगळे सुटे असतात का?

नाही. माझ्या मते खरी गाठ इथेच आहे. आपण "अभिक्रिया चालू आहे" म्हणतो तेव्हा डोळ्यांपुढे असं येतं की सगळा पदार्थ हळूहळू रूप पालटतोय, मेणाच्या गोळ्यासारखा. अभिक्रिया निम्मी झालेली बरणी उघडली (कल्पनेत!) तर अर्धवट बदललेले रेणू सापडणार नाहीत. निम्मे रेणू जसेच्या तसे अभिकारक असतील, निम्मे पूर्ण उत्पादित. खिंडीत त्या क्षणी असलेले इतके थोडे की मोजदादीत येत नाहीत.

एक रेणू खिंड ओलांडतो तो फेमटोसेकंदांत. दहा-वीस म्हणा, शे-दोनशे म्हणा. फेमटोसेकंद म्हणजे सेकंदाचा १०००००००००००००००वा भाग. प्रकाशसुद्धा तेवढ्यात मिलिमीटरचा तीन दशसहस्रांशच पुढे जातो. मग लोखंड गंजायला वर्षं का लागतात? प्रत्येक अणूची उडी झटपटच असते. ती उडी मारायची संधी क्वचित येते, एवढंच.

थोडं गणित. साध्या तापमानाला आणि दाबाला वायूतला एक रेणू सेकंदाला साधारण ५ अब्ज टकरा खातो. खिंडीची उंची, म्हणजे सक्रियण ऊर्जा, मोलमागे ५० किलोज्यूल धरू. २५ अंश सेल्सिअसला तेवढा जोर असलेली टक्कर सुमारे ५८ कोटींत एक. दिशा वगैरे सगळं जुळून आलं असं मानलं तर एका रेणूची पाळी सेकंदाच्या दहाव्या हिश्शात येते. आता खिंड दुप्पट करा, १०० किलोज्यूल. पाळी यायला लागतात दोन वर्षं.

उंची दुप्पट, वाट पाहणं दुप्पट नव्हे: सेकंदाच्या दहाव्या हिश्शाऐवजी दोन वर्षं! अऱ्हेनियस यांनी १८८९ मध्ये दिलेलं घातांकी सूत्र आहे हे. मी पहिल्यांदा आकडा काढला तेव्हा मला वाटलं शून्य चुकलं. तीनदा तपासलं.

सायंतारा

बाप रे. मग तापवल्यावर अभिक्रिया वेगाने होते ती टकरा वाढल्यामुळे ना?

त्रिज्या

शाळेत मलाही हेच सांगितलं होतं आणि ते जवळजवळ चूक आहे. २५ वरून ३५ अंशांवर नेलं तर रेणूंचा सरासरी वेग पावणेदोन टक्क्यांनीही वाढत नाही. टकरांची संख्याही त्याच मापाने. पण ५० किलोज्यूलची खिंड पार करू शकणाऱ्या टकरा ५८ कोटींत एक होत्या, त्या ३० कोटींत एक होतात. जवळपास दुप्पट. "दहा अंशांना वेग दुप्पट" हा ठोकताळा इथूनच येतो. तोही सगळीकडे लागू नाही. खिंड १०० ची असेल तर वेग पावणेचार पटींच्या आसपास जातो.

दोनाचेचार

दहावीच्या मुलीला एवढं कशाला? पुस्तकात व्याख्या आहे: जे भाग घेतात ते अभिकारक, जे तयार होतात ते उत्पादित. दोन मार्क. संक्रमण अवस्था आणि फेमटोसेकंद परीक्षेत येत नाहीत. उगीच पोरीचं डोकं फिरवू नका.

कोरीपाटी

दोनाचेचार, तिने मार्कांसाठी विचारलं नव्हतं. व्याख्या तिला पाठच आहे.

सर आणि त्रिज्या, मनापासून आभार. आता हायड्रोजन-क्लोरीनकडेच परत येतो. समोरासमोर दोन रेणू आले, चार अणूंचा चौकोन झाला, जोड्या बदलल्या, संपलं. असंच ना? वहीत तसं चित्रही काढलं मी.

पानगळ

चित्र सुंदर असेल, पण खोडावं लागेल. :)

हायड्रोजन-क्लोरीनचं मिश्रण अंधारात ठेवलं तर शांत पडून राहतं. त्यावर निळा किंवा अतिनील प्रकाश पडला की स्फोट. तांबडा प्रकाश कितीही टाका, काही होत नाही. हाच धागा पकडायचा. क्लोरीनचा २४२ चा बंध तोडायला प्रकाशाची तरंगलांबी ४९४ नॅनोमीटर किंवा त्याहून कमी लागते. तांबड्याच्या एका कणात तेवढा दम नाही. म्हणजे सुरुवात क्लोरीन फुटण्याने होते, चौकोनाने नाही.

पुढे साखळी. क्लोरीनचा सुटा अणू हायड्रोजनच्या रेणूला भिडतो, हायड्रोजन क्लोराइड तयार होतो आणि हायड्रोजनचा एक अणू सुटतो. तो क्लोरीनच्या रेणूला भिडतो, पुन्हा हायड्रोजन क्लोराइड आणि पुन्हा क्लोरीनचा सुटा अणू. पहिला गडी परत हजर. बोडेनस्टाइन यांनी १९१३ च्या सुमारास मोजलं तेव्हा प्रकाशाचा एक कण शोषला गेला तर हजारो-लाखो रेणू तयार होतात असं दिसलं आणि सगळे चक्रावले. हे दोन टप्प्यांचं चक्र नर्न्स्ट यांनी १९१८ मध्ये सुचवलं.

कोरीपाटी, तुमचं "अणू सुटे होतात" हे अगदीच चूक नव्हतं. सुटे होतात, पण मूठभर. तेच पुन्हा पुन्हा कामाला येतात.

(हा प्रयोग घरी करायचा नाही. शाळेतही नाही. क्लोरीन विषारी आणि मिश्रण स्फोटक.)

निळालिटमस

आणि तीन रेणू एकत्र येण्याचं? दोन हायड्रोजन, एक ऑक्सिजन, दोन पाणी?

पानगळ

तिथेही तेच. तीन रेणू एकाच वेळी एका जागी योग्य जोरात भेटणं जवळजवळ अशक्य. समीकरणातले २, १, २ हे आकडे हिशेबाचे. प्रत्यक्षात हायड्रोजनचा सुटा अणू ऑक्सिजनच्या रेणूला भिडतो, त्यातून ओएच हा तुकडा आणि ऑक्सिजनचा सुटा अणू निघतो. तो ऑक्सिजन हायड्रोजनच्या रेणूला भिडतो, आणखी एक ओएच आणि हायड्रोजनचा आणखी एक अणू. ओएच हायड्रोजनच्या रेणूला भिडला की पाणी आणि हायड्रोजनचा अणू. प्रत्येक टप्प्यात भेटणारे दोघेच.

आता मोजा. एक भटका (सुटा अणू किंवा तुकडा) आत गेला, पहिल्या दोन टप्प्यांतच तीन बाहेर आले. तिघांचे नऊ. स्फोट म्हणतात तो हाच. साखळ्यांवरच्या या कामाबद्दल हिन्शेलवूड आणि सेम्योनोव यांना १९५६ चं नोबेल मिळालं.

रिकामीपरीक्षानळी

चौकोनाच्या चित्रावरून आठवलं, कुणी सांगितलं नाही म्हणून सांगतो. हायड्रोजन आणि आयोडीन. रसायनशास्त्रातला माझा सर्वांत आवडता खटला.

बोडेनस्टाइननीच १८९० च्या दशकात या अभिक्रियेचा वेग मोजला. वेग हायड्रोजनच्या आणि आयोडीनच्या प्रमाणाच्या गुणाकाराइतका. म्हणजे एक रेणू हा, एक रेणू तो, समोरासमोर भेट, चौकोन, जोड्यांची अदलाबदल. पुस्तकांनी हे चित्र पन्नास-साठ वर्षं आदर्श म्हणून छापलं. "साधी दोन रेणूंची अभिक्रिया" म्हटलं की हीच.

१९६७ मध्ये सलिव्हन यांनी एक युक्ती केली. मिश्रण इतक्या कमी तापमानाला ठेवलं की अभिक्रिया आपणहून फारशी होऊ नये. मग पिवळ्या प्रकाशाने आयोडीनचे रेणू फोडले. आयोडीनचा बंध दुबळा, १५१ चा, त्यामुळे पिवळा प्रकाशही पुरतो. चौकोन खरा असता तर आयोडीनचे सुटे अणू वाढले म्हणून काही बिघडायचं कारण नव्हतं. पण अभिक्रिया धावू लागली, आणि वेग सुट्या अणूंच्या प्रमाणाच्या वर्गाशी जुळला. म्हणजे काम सुटे अणू करत होते. गंमत अशी की आयोडीनचा रेणू आणि त्याचे दोन सुटे अणू यांच्यात आधीच समतोल असतो, म्हणून दोन्ही मार्गांनी वेगाचं सूत्र हुबेहूब तेच येतं! बोडेनस्टाइनच्या मोजमापात काही चूक नव्हती. त्यावरून काढलेली गोष्ट तेवढी चुकली.

तेव्हापासून मी "अभिक्रियेची क्रियाविधी (ती कोणत्या टप्प्यांनी घडते ती वाट) सिद्ध झाली" असं वाक्य वाचलं की पेन्सिलीने शेजारी प्रश्नचिन्ह काढतो. क्रियाविधी खोटी ठरवता येते. खरी ठरवता येत नाही, फक्त अजून खोटी ठरलेली नाही एवढंच म्हणता येतं.

खडूधारी

रिकामीपरीक्षानळी, कबुली देतो: १९६७ नंतरही बरीच वर्षं मी तो चौकोन फळ्यावर काढत होतो. माझ्या हातातलं पुस्तक जुनं होतं. त्या विद्यार्थ्यांची माफी.

त्रिज्या

सर :)

मृगजळ

मला वेगळंच खटकतंय. इतका वेळ सगळे "रेणू रेणूला भिडतो" म्हणताय. जस्ताची पट्टी मोरचुदाच्या द्रावणात टाकली की निळा रंग फिका होतो आणि पट्टीवर तांबं बसतं. तिथे जस्ताच्या अणूने तांब्याच्या आयनाला भेटायलाच हवं असं नाही.

जस्ताची पट्टी एका भांड्यात, तांब्याचं द्रावण दुसऱ्यात, मध्ये सच्छिद्र भिंत, आणि जस्तापासून तांब्याच्या पट्टीपर्यंत एक तार. डॅनियल यांनी १८३६ मध्ये हेच केलं. जस्ताचा अणू दोन इलेक्ट्रॉन सोडून द्रावणात उतरतो, इलेक्ट्रॉन तारेतून जातात, पलीकडे तांब्याचा आयन ते घेऊन धातू होतो. समीकरण शब्दशः तेच. दोघांची गाठभेट कधीच होत नाही. वर तारेत सुमारे १.१ व्होल्ट मिळतात.

भाचीला सांगा, या बाणात तार घालता येते. बाणात काय असतं? या बाबतीत दोन इलेक्ट्रॉन, वाटेवर.

कोरीपाटी

हे मला कुणी शाळेत असताना का नाही सांगितलं! विद्युतघट आणि विस्थापन अभिक्रिया हे दोन वेगळे धडे होते आमच्याकडे. एकच गोष्ट आहे हे आज कळलं.

निळालिटमस

याच धर्तीवर चांदीचं नायट्रेट आणि मीठ. दोन्ही द्रावणं एकत्र केली की क्षणात पांढरा अवक्षेप. इतक्या झटपट का? कारण तोडण्यासारखं फारसं उरलेलंच नसतं. आयन पाण्यात आधीच सुटे फिरत असतात. चांदी आणि क्लोराइड एकमेकांना धरून खाली बसतात, सोडियम आणि नायट्रेट नुसते बघे. समीकरणात चौघांचीही नावं छापतात, काम दोघांचंच.

अवलोकिता

सगळे प्रतिसाद वाचून एक प्रश्न उरतो: हे कळतं कसं? बाणात डोकावायचं कसं? दोन वाटा सांगते.

पहिली वाट खूण करून सोडण्याची. एस्टरचं पाण्याने अपघटन केलं की आम्ल आणि अल्कोहोल मिळतं. एस्टरमध्ये आम्लाचा भाग आणि अल्कोहोलाचा भाग एका ऑक्सिजनने जोडलेले असतात, म्हणजे त्याच्या दोन्ही बाजूंना बंध आहेत. तुटतो कुठला? समीकरणाकडे शंभर वर्षं टक लावून पाहिलं तरी समजणार नाही, दोन्ही प्रकारांत ताळा जुळतोच. १९३४ मध्ये पोलान्यी आणि साबो यांनी पाण्यात ऑक्सिजनचा जड प्रकार, ऑक्सिजन-१८, मिसळला आणि ॲमिल ॲसिटेट या एस्टरचं अपघटन केलं. अल्कोहोलात जड ऑक्सिजन आला नाही. म्हणजे अल्कोहोलाने स्वतःचा जुना ऑक्सिजन सोबत नेला आणि बंध आम्लाच्या बाजूचा तुटला.

याच खुणेने प्रकाशसंश्लेषणाचा निकाल लागला. वनस्पती सोडतात तो ऑक्सिजन कार्बन डायऑक्साइडमधून येतो की पाण्यातून? १९४१ मध्ये रुबेन, केमेन आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की पाण्यातून. आता भाचीला तिच्या पुस्तकातलं समीकरण काढायला सांगा. डावीकडे पाण्याचे सहा रेणू, म्हणजे ऑक्सिजनचे सहा अणू. उजवीकडे ऑक्सिजन वायूचे सहा रेणू, म्हणजे बारा अणू. सगळा ऑक्सिजन पाण्यातून येत असेल तर सहा अणूंतून बारा कसे? खरं म्हणजे पाण्याचे बारा रेणू आत जातात आणि सहा नवे रेणू बाहेर येतात. दोन्हीकडचे सहा-सहा काटून टाकले की पुस्तकातलं समीकरण उरतं. खडूधारी सर म्हणाले ना, हिशेब. काटाकाट केल्यावरचा.

दुसरी वाट सरळ पाहण्याची. अहमद झेवेल यांनी १९८० च्या दशकात लेसरच्या अतिलघु झोतांनी हे केलं. पहिल्या झोताने अभिक्रिया सुरू करायची, काही फेमटोसेकंदांनी दुसरा झोत सोडून रेणू कुठवर पोचला ते बघायचं, मग अंतर वाढवत न्यायचं. आयोडीन सायनाइडचा बंध सुमारे २०० फेमटोसेकंदांत तुटताना त्यांनी टिपला.

मला त्याहून आवडतं ते सोडियम आयोडाइड. प्रकाशाने उत्तेजित केल्यावर रेणू ताणतो, सुटायच्या बेतात येतो, पण तिथे त्याचं रूप आयनांचं होतं आणि विरुद्ध भार एकमेकांना परत खेचतात. पुन्हा ताणतो, पुन्हा परत. एका हेलकाव्याला सव्वा पिकोसेकंदाच्या (पिकोसेकंद म्हणजे हजार फेमटोसेकंद) आसपास. प्रत्येक फेरीत दहांतला एखादाच निसटतो. जाऊ की नको, जाऊ की नको. बाणात काय चालतं याचा इतका साक्षात पुरावा मला दुसरा माहीत नाही. झेवेल यांना १९९९ चं नोबेल मिळालं.

सायंतारा

जाऊ की नको! किती माणसासारखं.

दोनाचेचार

ठीक आहे, प्रकाशसंश्लेषणाचं मला माहीत नव्हतं. सहा आणि बारा मोजून पाहिले. बरोबर आहे.

पण मग उत्प्रेरकाचं काय? तो "भाग घेत नाही, फक्त वेग वाढवतो" असं आहे ना?

पानगळ

भाग न घेता वेग कसा वाढवेल? :) भाग घेतो आणि शेवटी मोकळा होतो. हिशेबात दिसत नाही कारण दोन्ही बाजूंना काटला जातो, अवलोकिताताईंच्या पाण्यासारखाच.

हायड्रोजन आणि ऑक्सिजन साध्या तापमानाला एकत्र ठेवले तर वर्षानुवर्षं तसेच राहतील. १८२३ मध्ये डोबेराइनर यांनी हवेत हायड्रोजनचा झोत सच्छिद्र प्लॅटिनमवर सोडला आणि तो पेटला. प्लॅटिनमच्या पृष्ठभागावर हायड्रोजनचा रेणू दुभंगतो, पण अणू वाऱ्यावर सुटत नाहीत, प्रत्येकाला धातू धरून ठेवतो. तुटण्याचा खर्च धातूशी जुळण्यातून भागतो. परत तेच तत्त्व, खडूधारी सरांच्या पहिल्या प्रतिसादातलं. उत्प्रेरक डोंगर खणून कमी करत नाही, दुसरी, बुटकी खिंड दाखवतो.

अमोनियाचंही तसंच. नायट्रोजनचा तिहेरी बंध ९४५ चा, भलताच चिवट. लोखंडाच्या पृष्ठभागावर तो फुटतो, मग हायड्रोजनचे अणू एकेक करून चिकटतात, चौथ्या मुक्कामाला अमोनिया उडून जातो. यातला नायट्रोजन फुटण्याचा टप्पा सर्वांत संथ, हे एर्टल यांनी पृष्ठभागावर पायरी पायरीने तपासून दाखवलं. २००७ चं नोबेल. हेबर यांनी पद्धत शोधली त्याला तेव्हा जवळपास शंभर वर्षं होत आली होती. कारखाने चालायला बाणातलं कळावं लागत नाही, हेही खरं.

कोरीपाटी

शनिवारची हजेरी लावतो. भाचीला दोन तास बसवलं. खरं तर तिनेच मला बसवलं. खिंड पटली. तार फारच आवडली. सहा-बाराचा घोळ तिने उद्या शाळेत विचारायचं ठरवलंय, बाईंची काळजी वाटते.

निघताना म्हणाली, "मामा, खिंडीत पोचलेला रेणू पलीकडेच उतरेल कशावरून? अलीकडे परत घसरला तर?" आणि जिन्यातून वर बघून अजून एक: "आणि उत्पादितांना परत यायचं असेल तर त्यांना वेगळी वाट असते का?"

रिकामीपरीक्षानळी

पहिलं: घसरतो की. बरेच जण घसरतात. अवलोकितांचा सोडियम आयोडाइड तेच करतो.

दुसरं: वाट तीच, खिंड तीच, फक्त उलट दिशेने. एकाच तापमानाला, समतोल असताना, जाणारे ज्या वाटेने जातात त्याच वाटेने येणारे येतात. फरक चढाचा. ऊष्मादायी अभिक्रियेत उत्पादितांची दरी खोल, त्यामुळे परतीचा चढ जास्त आणि परत येणारे कमी. पण कमी म्हणजे शून्य नव्हे. हायड्रोजन आणि आयोडीन समप्रमाणात घेऊन सुमारे ४२५ अंश सेल्सिअसला बंद भांड्यात ठेवलं तर पाचांतले जवळपास चार भाग हायड्रोजन आयोडाइड होतात आणि तिथे थांबल्यासारखं दिसतं. नुसता हायड्रोजन आयोडाइड त्याच तापमानाला ठेवला तर त्याचा पाचवा हिस्सा फुटतो आणि काटा त्याच जागी येतो. थांबलेलं काहीच नसतं. जितके जातात तितके येतात.

म्हणून तिथे दोन अर्धे बाण काढतात, एकावर एक, उलटसुलट. तिच्या वहीत तेवढी दुरुस्ती करून द्या.

कोरीपाटी

केली. तिने दोन बाणांच्या मध्ये तीन अणू काढलेत, एका रेषेत. मधल्याला डोळे काढलेत, एक डावीकडे बघतोय, एक उजवीकडे.